सात पट्ट्यांची मोजणी: ओहायोकाठच्या पहिल्या सरकारी भूमापनाचे प्रकरण

१७८३ च्या पॅरिस तहानंतर अमेरिकेच्या १३ राज्यांच्या महासंघाकडे ॲपलेशियन पर्वतरांगांपासून मिसिसिपी नदीपर्यंतचा प्रदेश कागदोपत्री आला, आणि युद्धासाठी काढलेले कर्ज तर आधीपासूनच अंगावर होते. महासंघाच्या काँग्रेसला कर बसवण्याचा अधिकार नव्हता. ती राज्यांकडे पैशाची मागणी तेवढी करू शकत होती, आणि राज्ये ती मागणी बहुधा टाळत असत. अशा स्थितीत १ मार्च १७८४ रोजी व्हर्जिनियाने ओहायो नदीच्या वायव्येकडील आपला हक्क काँग्रेसकडे सोपवला, तेव्हा विकून पैसे उभे करता येतील अशी एकमेव मालमत्ता काँग्रेसच्या हाती आली. मात्र ती मालमत्ता म्हणजे घनदाट अरण्य होते. त्याचा विश्वासार्ह नकाशा नव्हता, त्यावर इतरांची वस्ती होती, आणि ज्यांनी ती विकत घ्यावी अशी अपेक्षा होती त्या न्यूयॉर्क किंवा बॉस्टनच्या लोकांनी ती कधी पाहिलेली नव्हती. न पाहिलेली जमीन लांबच्या माणसाला अशी कशी विकायची की पुढे तिच्यावरून भांडण होऊ नये, या प्रश्नावर काढलेला तोडगा म्हणजे १७८५ ते १७८८ या काळात पूर्व ओहायोत झालेली ‘सेव्हन रेंजेस’ची, म्हणजे सात पट्ट्यांची, मोजणी.

या प्रकरणाकडे दोन टोकांनी पाहिले जाते. अमेरिकी शालेय इतिहासात ती चौकोनी टाउनशिपच्या, म्हणजे समान मापाच्या जमिनीच्या विभागांच्या, व्यवस्थेची गौरवशाली सुरुवात मानली जाते, तर आकडेवारी पाहणाऱ्यांना ती फसलेली विक्री वाटते. माझ्या मते दोन्ही वर्णने अपुरी आहेत. ही मोजणी अचूकही नव्हती आणि किफायतशीरही नव्हती. तरीही ती टिकली, कारण तिच्यातल्या चुका दुरुस्त करण्याचा नाद काँग्रेसने वेळीच सोडला आणि जमिनीवर जी खूण पडली तीच हद्द, असे कायद्याने ठरवून टाकले.

दोन जुन्या पद्धती

काँग्रेससमोर त्या वेळी दोन नमुने होते. न्यू इंग्लंडमध्ये वसाहतीचे सरकार एका समूहाला सलग टाउन मंजूर करीत असे. आधी हद्द आखली जाई, मग लोक जाऊन वसत. व्हर्जिनियात आणि दक्षिणेत उलट होते. तिथे माणूस सरकारी अधिकारपत्र घेऊन निघे, त्याला पसंत पडेल ती जमीन निवडे आणि मग मोजणीदाराला बोलावून ओक वृक्षापासून ओढ्यापर्यंत, ओढ्यापासून मोठ्या खडकापर्यंत अशी तिची वाकडीतिकडी हद्द लिहून घेई. या पद्धतीत नदीकाठची सुपीक जमीन पटकन उचलली जाई आणि मधले निकृष्ट तुकडे बेवारस राहत. त्याहून वाईट म्हणजे एकाच जमिनीवर दोन-तीन जणांची अधिकारपत्रे बसत. केंटकीत या गोंधळाने टोक गाठले. तिथली वाट दाखवणारा डॅनिअल बून याच्या हातूनही सदोष दाव्यांमुळे जमिनी गेल्या. पुढे अब्राहम लिंकन यांनी स्वतःच नोंदवून ठेवले आहे की त्यांच्या वडिलांनी १८१६ मध्ये केंटकी सोडून इंडियाना गाठले ते काही अंशी गुलामगिरीमुळे, पण मुख्यतः जमिनीच्या मालकीहक्कातील अडचणींमुळे.

१७८४ मध्ये थॉमस जेफरसन यांच्या समितीने मांडलेला पहिला मसुदा फार महत्त्वाकांक्षी होता. त्यात दहा भौगोलिक मैल लांबीरुंदीचे चौकोन सुचवले होते, आणि त्यातील एक मैल नेहमीच्या ५,२८० फुटांचा नसून ६,०८६ फुटांहून थोडा मोठा होता. म्हणजे प्रत्येक चौरस मैलात ६४० ऐवजी ८५० एकर बसणार होते. दशमान पद्धतीवर प्रेम असलेल्या माणसाला हे सुबक वाटले असेल, पण खरेदीदाराला नवा मैल, नवा एकर आणि नवा हिशेब शिकवत बसण्याइतकी सवड कर्जबाजारी काँग्रेसला नव्हती. मसुदा मागे पडला. पुढच्या वर्षी व्हर्जिनियाचे विल्यम ग्रेसन यांच्या पुढाकाराने नवा मसुदा आला, त्यातला सात मैलांचा चौकोन चर्चेत सहा मैलांवर उतरला, आणि २० मे १७८५ रोजी जमीन कायदा मंजूर झाला.

कायद्याची रचना अशी होती. प्रदेशाची सहा मैल चौरस टाउनशिपमध्ये विभागणी व्हावी, प्रत्येक टाउनशिपमध्ये एक चौरस मैलाचे, म्हणजे ६४० एकरांचे, ३६ भूखंड असावेत. दक्षिणोत्तर ओळीत येणाऱ्या टाउनशिपच्या उभ्या पट्ट्याला रेंज म्हणावे. रेंजचे क्रमांक पेनसिल्व्हेनियाच्या हद्दीपासून पश्चिमेकडे वाढत जावेत. १६ क्रमांकाचा भूखंड त्या टाउनशिपमधील सार्वजनिक शाळांसाठी राखावा, आणि ८, ११, २६ व २९ हे चार भूखंड पुढील विक्रीसाठी सरकारकडेच ठेवावेत. मूळ मसुद्यात धर्मकार्यासाठीही एक भूखंड होता. तो चर्चेत गळला. टाउनशिप एकाआड एक अशा प्रकारे विकायच्या होत्या, एक अखंड आणि शेजारची भूखंडाभूखंडाने, म्हणजे न्यू इंग्लंडच्या समूहालाही जागा मिळावी आणि दक्षिणेच्या एकट्या खरेदीदारालाही. किमान भाव एकरी एक डॉलर, वर मोजणीच्या खर्चापोटी टाउनशिपमागे ३६ डॉलर. सात रेंज मोजून झाल्या की नकाशे खजिन्याच्या मंडळाकडे पाठवायचे आणि मग विक्री सुरू करायची, असे कलम होते. या सात पट्ट्यांचे नाव त्या कलमातूनच आले.

मोजणीचे प्रमुख म्हणून संयुक्त संस्थानांचे भूगोलज्ञ थॉमस हचिन्स यांची नेमणूक होती, आणि त्यांच्या हाताखाली प्रत्येक राज्याचा एक असे १३ मोजणीदार असावेत असे ठरले. हचिन्स हे न्यू जर्सीत जन्मलेले आणि ब्रिटिश सैन्यात अभियंता म्हणून घडलेले गृहस्थ. १७६४ मध्ये कर्नल बुके यांच्या मोहिमेबरोबर ते ओहायोच्या याच अरण्यात गेले होते. स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात आपल्या देशबांधवांविरुद्ध लढायला त्यांनी नकार दिला, इंग्लंडमध्ये कैद भोगली आणि नंतर ते अमेरिकी बाजूला आले. या कामासाठी त्यांच्याइतका प्रदेश जाणणारा दुसरा माणूस काँग्रेसला मिळाला नसता.

पहिले चार मैल

मोजणी सुरू करण्यासाठी एक निश्चित बिंदू हवा होता. तो मिळाला पेनसिल्व्हेनिया आणि व्हर्जिनियाच्या हद्दनिश्चितीतून. पेनसिल्व्हेनियाच्या दक्षिण हद्दीच्या पश्चिम टोकापासून सरळ उत्तरेकडे जाणारी रेषा दोन्ही राज्यांचे प्रतिनिधी आखत होते. त्यांत डेव्हिड रिटनहाउस आणि अँड्र्यू एलिकॉट यांच्यासारखे खगोलनिरीक्षणात मुरलेले लोक होते. २० ऑगस्ट १७८५ रोजी त्यांनी ओहायो नदीच्या उत्तर काठावर खुंटा ठोकला. आजच्या ईस्ट लिव्हरपूल शहरालगतचा हा बिंदू अमेरिकेच्या सार्वजनिक जमिनीच्या मोजणीचा आरंभबिंदू ठरला. कायद्याप्रमाणे तिथूनच पश्चिमेकडे जाणारी पहिली रेषा हचिन्स यांनी जातीने आखायची होती. तिला पुढे ‘भूगोलज्ञाची रेषा’ असे नाव पडले. सात रेंज गुणिले सहा मैल, म्हणजे ४२ मैल लांबीची ही रेषा हा सगळ्या मोजणीचा उत्तरेकडचा आधार होता. तिच्यावर दर सहा मैलांनी दक्षिणेकडे रेंजची रेषा उतरायची आणि ओहायोच्या काठापर्यंत जायची.

३० सप्टेंबर १७८५ रोजी हचिन्स यांनी काम सुरू केले. १३ पैकी सगळे मोजणीदार त्या हंगामात आलेही नव्हते. ८ ऑक्टोबरला टस्करावस नदीकाठी मूलनिवासी योद्ध्यांनी हल्ला केल्याची बातमी आली आणि काम थांबले. त्या शरद ऋतूत अवघे चार मैलांच्या आसपास अंतर मोजून झाले होते.

मोजणीची रीत समजून घेतल्याशिवाय या संथपणाचे आणि पुढच्या चुकांचे मर्म कळत नाही. अंतर मोजायला गंटरची साखळी होती: लांबी ६६ फूट, कड्या १००. अशा ८० साखळ्यांचा एक मैल आणि दहा चौरस साखळ्यांचा एक एकर होतो. हे माप मराठी वाचकाला अगदीच परके नाही. मुंबई इलाख्याच्या महसुली मोजणीतील १६ आण्यांची साखळी ३३ फुटांची, म्हणजे गंटरच्या साखळीच्या बरोबर निम्मी होती, आणि तिच्या एका चौरसाला आपण गुंठा म्हणतो. दोन माणसे साखळी ओढत, पुढे कुऱ्हाडवाले झुडपे आणि आडवी झाडे तोडून दृष्टी मोकळी करीत, आणि मोजणीदार होकायंत्रावरून दिशा देत असे. रेषेवरच्या झाडांना खाचा पाडायच्या, दर मैलाला भूखंडाच्या कोपऱ्याची खूण करायची, आणि ती टाउनशिपच्या कोपऱ्याच्या खुणेहून वेगळी दिसली पाहिजे, असा नियम होता. शिवाय टिपणात खाणी, खारट झरे, गिरणीसाठी योग्य जागा, ओढे, डोंगर आणि मातीचा कस यांची नोंद हवी होती. ही शेवटची अट निव्वळ भूगोलाची हौस नव्हती. न्यूयॉर्कमध्ये बसून बोली लावणाऱ्याला जमीन दिसणार होती ती फक्त या टिपणातून.

मोबदला होता मैलाला दोन डॉलर, आणि त्यातच साखळीवाल्यांची मजुरी आणि बाकी सगळा खर्च भागवायचा. शेजारच्या टाउनशिपशी हद्द सामाईक असल्याने एका टाउनशिपमागे साधारण १२ मैल नवी रेषा पडते, म्हणजे २४ डॉलर. पूर्व ओहायोचा हा भाग सपाट नाही. खोल घळी, तीव्र उतार आणि दाट झाडी यांनी तो भरलेला आहे. ज्या माणसाला मैलावर पैसे मिळतात आणि रानात प्रत्येक जादा दिवसाचा शिधा स्वतःच्या खिशातून जातो, तो उतारावर साखळी आडवी धरून पुन्हा पुन्हा ओळंबा सोडत बसेल, अशी अपेक्षा ठेवणे भोळेपणाचे होते.

रिकामी नसलेली जमीन

काँग्रेसचा दावा होता की या प्रदेशावरील मूलनिवासींचा हक्क तहांनी संपवला आहे. ऑक्टोबर १७८४ मधील फोर्ट स्टॅनविक्सच्या तहात इरोक्वा महासंघाच्या सहा राष्ट्रांकडून ओहायोवरचा हक्क सोडून घेतला गेला. पण ओहायोत प्रत्यक्ष राहणारी राष्ट्रे वेगळी होती. २१ जानेवारी १७८५ रोजी फोर्ट मॅकिंटॉश येथे वायनडॉट, डेलावेअर, ओटावा आणि चिपेवा यांच्यापैकी काही प्रतिनिधींकडून सह्या घेण्यात आल्या. शॉनी तिथे नव्हतेच. त्यांच्याकडून जानेवारी १७८६ मध्ये मायामी नदीच्या मुखाजवळ, फोर्ट फिनी येथे, दबावाखाली मान्यता घेतली गेली. तहांच्या बोलण्यांत अमेरिकी आयुक्तांचा सूर ‘तुमच्या मित्राने, म्हणजे ब्रिटनने, युद्ध हरले, आता ही जमीन आमची’ असा होता. सह्या करणाऱ्यांना सर्वांच्या वतीने जमीन देण्याचा अधिकार होता, हे त्यांच्याच राष्ट्रांतील पुष्कळांना मान्य नव्हते.

डिसेंबर १७८६ मध्ये डेट्रॉइट नदीच्या मुखाशी भरलेल्या परिषदेत अनेक राष्ट्रांनी एकत्र येऊन काँग्रेसला निवेदन पाठवले. जमिनीचा कोणताही करार सर्व राष्ट्रांच्या संमतीनेच वैध होईल, तुकड्यातुकड्याने केलेले तह आम्ही मानत नाही, अशी त्यांची भूमिका होती. आणि त्यात एक स्पष्ट मागणी होती की तुमच्या मोजणीदारांना आणि इतर माणसांना ओहायो नदीच्या आमच्या बाजूला येण्यापासून रोखा. सैनिकांच्या आधी मोजणीदारांचा उल्लेख होणे मला फार अर्थपूर्ण वाटते. या लोकांना पुरते उमगले होते की छापा घालून परत जाणाऱ्या फौजेपेक्षा झाडांना खाचा पाडत जाणारा माणूस अधिक कायमचा असतो.

दुसरीकडे, काँग्रेसला आपल्याच नागरिकांनाही हटवावे लागत होते. ओहायोच्या उत्तर काठावर परवानगीविना झोपड्या बांधून, मका पेरून बसलेल्यांची संख्या वाढत होती. त्यांच्यापैकी जॉन एमर्सन नावाच्या गृहस्थाने मार्च १७८५ मध्ये जाहीर सूचना लावून स्वतंत्र राज्यघटनेसाठी निवडणुकीचे आवाहनसुद्धा केले होते. रिकाम्या जमिनीत वस्ती करण्याचा माणसाला जन्मजात हक्क आहे आणि काँग्रेसला तो रोखता येणार नाही, असा त्याचा युक्तिवाद होता. कर्नल जोसाया हार्मर यांनी एन्साइन जॉन आर्मस्ट्राँग यांना सैनिकांसह पाठवले. झोपड्या जाळल्या गेल्या, आणि सैनिक गेल्यावर लोक परत आले. विक्रीयोग्य जमीन आयती पडलेली नव्हती. तिथल्या दोन्ही प्रकारच्या माणसांना बाजूला सारून ती तयार करावी लागत होती, आणि हे सारे ज्या खजिन्याच्या भरवशावर चालले होते तोच रिकामा होता.

१७८६ च्या हंगामात मोजणीदार सैनिकांच्या संरक्षणाखाली परतले. पहिल्या रेंजचे काम न्यू जर्सीचे ॲब्सलम मार्टिन यांच्याकडे होते. पुढे ते त्याच भागात स्थायिक झाले आणि आजचे मार्टिन्स फेरी हे गाव त्यांच्या कुटुंबाच्या नावाने ओळखले जाते. हचिन्स यांची रेषा सप्टेंबरमध्ये सातव्या रेंजपर्यंत पोहोचली, तोच शॉनींच्या हल्ल्याची आवई उठली आणि पुन्हा माघार झाली. तरी त्या वर्षाअखेर चार रेंजचे काम हातावेगळे झाले. कॅप्टन हॅमट्रॅमक यांच्या तुकडीने मोजणीदारांसाठी नदीकाठी फोर्ट स्टुबेन बांधला. १७८७ च्या मे महिन्यात काम पुढे सरकल्यावर तो सोडूनही दिला. या लाकडी गढीच्या जागेवरच पुढे स्टुबेनव्हिल हे शहर उभे राहिले.

लिलाव

सातही रेंज पूर्ण होईपर्यंत थांबायला पैशाची चणचण काँग्रेसला सवड देईना. एप्रिल १७८७ मध्ये तिने कायदा बदलून मोजून झालेल्या चार रेंजची विक्री थेट न्यूयॉर्कमध्ये करायचे ठरवले. मूळ योजनेत सातवा हिस्सा सैन्याच्या देण्यांसाठी राखून उरलेल्या जमिनीची विक्री १३ राज्यांत वाटून होणार होती. ती गुंतागुंत या निमित्ताने बाजूला पडली. लिलाव २१ सप्टेंबर ते ९ ऑक्टोबर १७८७ या काळात झाला. एक लाखाहून अधिक एकरांवर बोली लागली, पण पुष्कळांनी पूर्ण रक्कम भरलीच नाही, आणि अखेरीस सुमारे ७३ हजार एकरांचे १ लाख १७ हजार डॉलर हाती आले. तेही रोख नव्हते. बहुतेक रक्कम बाजारात दर्शनी किमतीच्या खूप खाली विकल्या जाणाऱ्या सरकारी कर्जरोख्यांत होती. कर्ज तेवढ्यापुरते कमी झाले, पण तिजोरीत नाणे आले नाही.

लिलाव का पडला, याची कारणे मोजणीत कमी आणि विक्रीच्या अटींत जास्त सापडतात. सर्वात लहान भूखंड ६४० एकरांचा, म्हणजे किमान ६४० डॉलर, आणि लांब मुदतीच्या उधारीची सोय नाही. जो कुऱ्हाड घेऊन रानात जायला तयार होता त्याच्याजवळ इतके पैसे नव्हते, आणि ज्याच्याजवळ होते त्याला रानात जायचे नव्हते. विक्री न्यूयॉर्कमध्ये, जमीन शेकडो मैल दूर. शिवाय नदीपलीकडचा मूलनिवासींचा विरोध कोणापासून लपलेला नव्हता. मूलनिवासींविरुद्धच्या १७९४ च्या फॉलन टिंबर्सच्या लढाईनंतर आणि १७९५ च्या ग्रीनव्हिलच्या तहानंतरच या भागात वस्तीचा ओघ खऱ्या अर्थाने सुरू झाला.

मोजणीचा सर्वात मोठा तात्काळ लाभ काँग्रेसने योजलेलाच नव्हता. १७८५ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे मोजणीदार म्हणून आलेले जनरल बेंजामिन टपर यांना काम फारसे करता आले नाही, पण ओहायोचे खोरे त्यांनी पाहिले. घरी परतल्यावर जानेवारी १७८६ मध्ये त्यांनी रुफस पुटनम यांच्यासह माजी सैनिकांना आवाहन केले, मार्चमध्ये बॉस्टनच्या एका खानावळीत ओहायो कंपनी स्थापन झाली, आणि कंपनीच्या वतीने मनासा कटलर यांनी काँग्रेसशी वाटाघाटी करून २७ ऑक्टोबर १७८७ रोजी १५ लाख एकरांचा करार केला. दर नावाला एकरी एक डॉलर, पण निकृष्ट जमिनीपोटी तिसरा हिस्सा सूट, म्हणजे प्रत्यक्षात ६७ सेंटच्या आत. काळजीपूर्वक मोजलेल्या चार रेंजमधून किरकोळीने ७३ हजार एकर गेले आणि त्याच महिन्यात न मोजलेली १५ लाख एकर जमीन घाऊक दराने एका कंपनीला गेली. ज्या तत्त्वासाठी सारा खटाटोप होता, म्हणजे आधी मोजणी आणि मग विक्री, त्याला काँग्रेसने इतक्या लवकर वळसा घातला, हे या प्रकरणातले सर्वात बोलके वास्तव आहे. मात्र कंपनीलाही टाउनशिप आणि भूखंड याच चौकटीत जमीन पाडावी लागली, आणि तिथेही १६ क्रमांक शाळेकडेच राहिला.

रेषा किती सरळ होत्या

कायद्यातच एक भूमितीय अडचण दडलेली होती. खऱ्या उत्तरेकडे जाणाऱ्या दोन रेषा समांतर नसतात. त्या ध्रुवाकडे जवळ जवळ येत जातात. ओहायोच्या अक्षांशावर सहा मैल अंतराने आखलेल्या दोन रेषा उत्तरेकडे सहा मैल गेल्यावर सुमारे ४० फूट जवळ येतात. म्हणजे ‘सहा मैल चौरस’ आणि ‘सरळ दक्षिणोत्तर’ या दोन अटी एकाच वेळी पाळणे अशक्य आहे. टिमथी पिकरिंग यांनी हा दोष कायदा होण्यापूर्वीच दाखवून दिला होता. कायद्यात ‘शक्य तितके’ असे शब्द होते, आणि मोजणीदारांनी त्यांचा मनसोक्त आधार घेतला.

यापेक्षा मोठी गोष्ट होकायंत्राच्या सुईची होती. सुई खऱ्या उत्तरेपासून किती ढळते हे पाहून सर्व रेषा खऱ्या उत्तरेप्रमाणेच आखाव्यात आणि तो ढळ प्रत्येक नकाशावर नोंदवावा, असे १७८५ चा कायदा सांगत होता. त्यासाठी रात्री ताऱ्यांची निरीक्षणे करायची, तीही दाट झाडीखाली, हल्ल्याच्या भीतीत आणि मैलाला दोन डॉलरमध्ये. १२ मे १७८६ रोजी काँग्रेसने ही अट काढून टाकली. कामाचा वेग वाढला, पण प्रत्येक मोजणीदाराची सुई वेगळी. दोघांच्या दिशांत केवळ अर्ध्या अंशाचा फरक असला तरी सहा मैलांवर पावणेतीनशे फुटांचा फाटा पडतो. साखळीचेही तसेच. कड्यांचे जोड झिजून साखळी एका कडीने लांबली, तर मैलामागे ५० फुटांहून अधिक जमीन मापात न येताच खरेदीदाराकडे जाते. सात रेंजमध्ये टाउनशिपचे कोपरे शेजारच्या रेंजच्या कोपऱ्यांशी जुळत नाहीत, बाजू सहा मैलांपेक्षा कमीजास्त भरतात, आणि ‘६४० एकर’ हा आकडा पुष्कळ ठिकाणी नाममात्र आहे. शिवाय आतल्या भूखंडांच्या रेषा या मोजणीत जमिनीवर आखल्याच नव्हत्या. टाउनशिपच्या चारही बाजूंवर दर मैलाची खूण आणि नकाशावर पट्टीने ओढलेल्या आतल्या रेषा, एवढ्यावर भूखंड विकले गेले. आतली हद्द शोधणे खरेदीदारावर सोडलेले होते.

२८ एप्रिल १७८९ रोजी हचिन्स पिट्सबर्गला वारले आणि भूगोलज्ञाचे पद त्यांच्याबरोबर संपले. पुढच्या कायद्यांनी पद्धत सुधारली. १८ मे १७९६ च्या कायद्याने सर्व्हेअर जनरलचे पद निर्माण केले, त्यावर रुफस पुटनम आले, आणि टाउनशिपच्या आतल्या काही रेषा सरकारी खर्चाने आखण्याची सोय झाली. मात्र दर एकरी दोन डॉलर झाला. १८०० च्या कायद्याने ३२० एकरांचा तुकडा, चौथा हिस्सा सुरुवातीला आणि बाकी चार वर्षांत, अशी सवलत दिली आणि जमिनीच्या जवळच चार विक्री कार्यालये उघडली. त्यातले एक स्टुबेनव्हिलला होते. १८०३ मध्ये पुटनम यांच्या जागी आलेले गणितज्ञ जॅरेड मॅन्सफिल्ड यांनी मुख्य रेखावृत्त आणि आधाररेषा यांच्यावर मोजणी टांगण्याची रीत रुळवली, आणि पुढची बहुतेक सगळी पश्चिम त्या रीतीने मोजली गेली.

पण माझ्या दृष्टीने निर्णायक ठरला तो ११ फेब्रुवारी १८०५ चा कायदा. सरकारी मोजणीदाराने प्रत्यक्ष आखलेली रेषा आणि रोवलेला कोपरा हीच योग्य हद्द मानावी; त्याने नोंदवलेली लांबी हीच खरी लांबी समजावी; प्रत्यक्ष मापात काही वेगळे निघाले तरी हरकत नाही, असे त्याने ठरवले. कागदावरचा आदर्श चौकोन आणि रानातला वाकडा कोपरा यांत तंटा झाला, तर कोपरा जिंकेल. शुद्धतावादी मोजणीदाराला हा पराभव वाटेल. खरेदीदाराला मात्र त्याने केंटकीत कधी न मिळालेली गोष्ट दिली: नंतर कोणी अधिक चांगले यंत्र घेऊन आला तरी आपली हद्द हलणार नाही, ही खात्री. आजही तिथल्या मोजणीदाराला हरवलेला जुना कोपरा शोधताना आधी हचिन्स यांच्या सहकाऱ्यांची टिपणे उघडावी लागतात आणि मूळ खूण कुठे होती याचा पुरावा गोळा करावा लागतो; खूण कुठे असायला हवी होती हा प्रश्न दुय्यम असतो.

या भागाची क्रमवारीही उर्वरित देशाहून निराळी राहिली. प्रत्येक रेंजमधील टाउनशिपची मोजणी ओहायो नदीपासून उत्तरेकडे सुरू होते, आणि नदी तिरकी वाहत असल्याने शेजारशेजारच्या रेंजमध्ये एकाच आडव्या ओळीतील टाउनशिपचे क्रमांक वेगळे येतात. भूखंडांचे क्रमांकही आग्नेय कोपऱ्यात १ पासून सुरू होऊन उत्तरेकडे सहापर्यंत जातात, आणि ७ पुन्हा दक्षिणेच्या टोकाला येतो. १७९६ नंतरच्या पद्धतीत मात्र १ क्रमांक ईशान्येला असतो आणि ओळी आळीपाळीने पश्चिमेकडे व पूर्वेकडे वळतात. त्यामुळे जेफरसन किंवा बेलमॉन्ट काउंटीतील खरेदीखत वाचणाऱ्याला भूखंडाचा क्रमांक पाहण्याआधी तो कोणत्या पद्धतीतला आहे हे ठरवावे लागते, नाहीतर तो टाउनशिपच्या नेमक्या विरुद्ध बाजूला जाऊन पोहोचतो.